परकीय साहाय्य, खाजगी भांडवल आणि शाश्वत विकास : केळझर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

‘शाश्वत विकास’ ही संकल्पना १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालामुळे जगभर रूढ झाली. वर्धा जिल्ह्याला मात्र तिचा आशय त्यापूर्वीच परिचित होता. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९४० च्या दशकातच स्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली होती. मगनवाडीची जागा देणारे जमनालाल बजाज हे स्वतः उद्योजक होते. खाजगी भांडवल आणि ग्रामविकास यांचे नाते या जिल्ह्याला नवीन नाही. नवीन आहे तो त्यात सामील झालेला परकीय पैसा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांपैकी शेवटचे उद्दिष्ट भागीदारीचे आहे. शासन, परकीय वित्तसंस्था आणि उद्योग एकत्र आले की विकास टिकाऊ होतो, असे त्यात गृहीत धरले जाते. सेलू तालुक्यातील केळझर हे गाव समोर ठेवून या गृहीतकाची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

नागपूर-वर्धा मार्गावरील केळझर सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे विदर्भात ओळखले जाते. परिसराची अर्थव्यवस्था मात्र कापूस, सोयाबीन व तूर या पिकांवर उभी आहे, आणि त्यातील बरीचशी शेती पावसावर अवलंबून आहे.

साहाय्य की कर्ज?

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले. त्यानंतर २००९ मध्ये याच सहा जिल्ह्यांसाठी समन्वित कृषी विकास प्रकल्प, म्हणजे ‘केम’, मंजूर झाला. तो २०१८ पर्यंत चालला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने (इफाड) सुमारे ४ कोटी डॉलर कर्जरूपाने दिले. टाटा समूहाशी संबंधित सर रतन टाटा ट्रस्टही त्यात सहभागी झाला. आपल्याकडे या सर्वाला सरसकट ‘परकीय मदत’ म्हटले जाते. पण ज्या रकमेची परतफेड करावी लागते तिला मदत म्हणणे हा भाषेचा सैलपणा आहे, आणि हिशेबाचाही.

जागतिक बँकेच्या सहकार्याने राबविल्या जाणाऱ्या बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्पाचे (स्मार्ट) आकडे अधिक बोलके आहेत. या प्रकल्पाचा आराखडा २,१०० कोटी रुपयांचा ठरला. त्यात बँकेचे कर्ज १,४७० कोटी, राज्य शासनाचा वाटा ५६० कोटी आणि उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून अपेक्षित रक्कम ७० कोटी. म्हणजे खाजगी क्षेत्राचा वाटा साडेतीन टक्क्यांहूनही कमी. व्यासपीठावर तिघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या असतात. खातेवहीत तसे दिसत नाही.

जोखीम कोणाची?

तथापि वाटा लहान आहे एवढ्यावरून भागीदारी निरुपयोगी ठरत नाही. खरा प्रश्न जोखमीचा आहे. स्मार्टमध्ये शेतकरी उत्पादक कंपनीला उपप्रकल्पाच्या खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. उर्वरित रक्कम सभासदांचा स्वहिस्सा व बँकेचे कर्ज यांतून उभी करावयाची असते. माल घेणाऱ्या मोठ्या खरेदीदाराची गुंतवणूक मात्र त्या गोदामात किंवा यंत्रसामग्रीत असेलच असे नाही. भाव पडल्यास तो दुसरीकडे वळू शकतो. कर्जाचा हप्ता कंपनीला, अर्थात तिच्या सभासदांना, चुकत नाही.

कापसाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. पाणी, कीटकनाशके व मजुरीची स्थिती यांचे निकष पाळून पिकविलेल्या ‘बेटर कॉटन’ची पहिली भारतीय वेचणी २०१०-११ च्या हंगामात झाली. या उपक्रमामागे आयकिया, एच अँड एम यांसारखे जागतिक ब्रँड होते. खर्च घटविणे व फवारणी आटोक्यात आणणे हा त्याचा लाभ नाकारता येणार नाही. परंतु निकष शेतकऱ्याने पाळावयाचे आणि भाव बाजाराने ठरवावयाचा, ही विषमता तशीच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि पुढे ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढविली. नवा कापूस बाजारात येण्याच्या काळातच हे घडले. शेताच्या बांधावर शिकविलेली शाश्वतता अशा निर्णयापुढे तोकडी पडते.

मागे काय उरते?

प्रकल्पाची खरी परीक्षा तो संपल्यावर होते. या दृष्टीने इफाडच्या साहाय्याने २००७ पासून राबविलेला महिला आर्थिक विकास महामंडळाचा ‘तेजस्विनी’ कार्यक्रम उल्लेखनीय आहे. त्यातून बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रे उभी राहिली. गटांकडून मिळणारे सेवाशुल्क आणि कर्जव्यवहारात बँकेकडून मिळणारा मोबदला ही त्यांची स्वतःची मिळकत. आयसीआयसीआय बँकेसारखी खाजगी बँक तेथे दाता म्हणून आली नाही, व्यवसाय म्हणून आली. तिचे पैसे गटांत गुंतले. परतफेड चांगली राहावी यात बँकेचा आणि केंद्राचा, दोघांचाही स्वार्थ होता. सामाजिक दायित्वाच्या धनादेशापेक्षा हा स्वार्थ अधिक भरवशाचा ठरतो.

याउलट दायित्व निधीचा आधार डळमळीत असतो. कंपनी कायदा २०१३ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावयाची असते, आणि आपल्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसरास प्राधान्य द्यावयाचे असते. मग ज्या तालुक्यात मोठा कारखाना नाही, तेथे हा निधी कोणत्या वाटेने येणार? वर्ध्यात कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशनने पाणलोट, बायोगॅस व नैसर्गिक शेतीची कामे केली, त्यामागे बजाज कुटुंबाचे या भूमीशी असलेले जुने नाते आहे. असे नाते प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला येत नाही. परकीय निधीचीही शाश्वती नाही. अमेरिकेची युएसएड ही संस्था १ जुलै २०२५ रोजी प्रत्यक्षात बंद झाली.

म्हणून केळझर परिसरातील एखाद्या उत्पादक कंपनीशी करार होत असेल, तर त्यात खरेदीदाराची अनामत रक्कम, किमान खरेदीचे वजन आणि भाव कोसळल्यास तोट्याची वाटणी या तीन बाबी अनुदान मंजुरीच्या पूर्वअटी म्हणून नोंदविल्या गेल्या पाहिजेत. जागतिक बँकेच्या कर्जाची परतफेड शेवटी सार्वजनिक तिजोरीतूनच व्हावयाची असल्याने, या अटी घालण्याचा अधिकार शासनाकडे निश्चितच आहे.