बसायला जागा

विल्यम व्हाइट यांचे ‘द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस’ हे १९८० सालचे छोटेखानी पुस्तक न्यूयॉर्कच्या चौकांविषयी आहे. तरी ते वाचताना आमच्या मनात सुपा आणि रामनगर होते.

१९६१ च्या नियमांन्वये त्या शहरात इमारतीपुढे चौक मोकळा सोडणाऱ्यास जादा बांधकामाची मुभा मिळे. चौक झाले, पण पुष्कळसे ओस राहिले. व्हाइट यांनी कॅमेरे लावून माणसे कुठे रेंगाळतात ते पाहिले. ऊन, झाडे, खाद्यपदार्थांची गाडी, रस्त्याशी सलगी या साऱ्याचा परिणाम होताच. पण निर्णायक ठरली ती एक साधी गोष्ट. बसायला जागा असेल तिथे माणसे बसतात. १९७५ मध्ये तेथील नियमांत दर तीस चौरस फुटांमागे एक फूट बैठक आली.

मराठी वाचक यावर किंचित हसेल. आपल्याकडे पार होता, ओटा होता. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा बुटका कट्टा तर त्या मैदानाइतकाच प्रसिद्ध आहे. मात्र हसण्यापूर्वी पारावर कोण बसत नसे, हेही आठवावे. स्त्रिया नसत, जातीमुळे काहींना दूरच उभे राहावे लागे. चांगल्या चौकात स्त्रियांचे प्रमाण अधिक आढळते, हे व्हाइट यांचे निरीक्षण आम्हांस म्हणूनच मोलाचे वाटते.

पुस्तकाची उणीव निराळी आहे. त्यातली माणसे जेवणाच्या सुटीत आलेली, बहुधा परस्परांस अनोळखी. ओळखीची माणसे गावासकट उठवली गेली तर काय होते, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, विस्थापितांचे रामनगर वसले. घर आणि जमीन भरपाईच्या हिशेबात मांडता येते; पारावरची बैठक कोणत्या रकान्यात लिहावी?

रामनगरात ती बैठक लोकांनी स्वतःच शोधली: बेळगाव-गोवा रस्त्याकाठी, चहाच्या दुकानापुढच्या पायरीवर. रस्ता रुंदावताना पहिला बळी अशा पायरीचाच जातो. तेव्हा पुढचा नकाशा येईल त्या वेळी सावलीतला एक कट्टा आपण मागून घ्यावा, स्त्रियांनाही निःसंकोच बसता येईल असा. उंचीवरून वाद नको. एक फुटापासून तीन फुटांपर्यंत कशावरही माणसे बसतात, असे व्हाइट यांना आढळले होते.