रंगाला स्वतःचा अर्थ असतो काय?

घर रंगवितांना, लग्नाचा बस्ता बांधतांना किंवा मुलांची खोली सजवितांना कोणता रंग निवडावा, याचे तक्ते अलीकडे जागोजागीं छापले जातात. तांबडा क्रोधाचा, निळा शांतीचा, पिवळा आनंदाचा, हिरवा समृद्धीचा, पांढरा पावित्र्याचा, अशी त्यांत वांटणी असते. आणि पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस ती शास्त्राइतकीच प्रमाण वाटते. हे तक्ते निदान निरुपद्रवी तरी आहेत, असें कोणी म्हणेल. आमचें मत तसें नाहीं. रंगाचा अर्थ रंगांतच कायमचा बसलेला असतो, ही समजूत कलेच्या आस्वादास मारक आहे. आणि घरांतल्या माणसांस, विशेषतः स्त्रियांस, तिनें फार दुःख दिलें आहे. म्हणून तिची थोडी चिकित्सा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम आपल्या जुन्या शास्त्राकडेच वळूं. भरताच्या नाट्यशास्त्रांत प्रत्येक रसास एकेक वर्ण नेमून दिलेला आहे. रौद्राचा रक्त, हास्याचा शुभ्र, अद्भुताचा पीत, हें आजच्या वाचकास सहज पटेल. पण शृंगाराचा वर्ण तेथें श्याम सांगितला आहे, आणि आज शांतीचा म्हणून गौरविलेला निळा रंग बीभत्साच्या वांट्यास आला आहे! मग भरत चुकला म्हणावें, कीं आजचे तक्तेवाले चुकले म्हणावें? आमच्या मतें चूक प्रश्नांतच आहे. भरतानें एका रंगभूमीचा संकेत नोंदविला. आणि संकेत हा शब्दासारखा असतो, तो वापरणाऱ्या समाजाबरोबर बदलतो.

याचा पुरावा मराठी भाषाच देते. पांढरा रंग पवित्र म्हणावा, तर 'पांढरें कपाळ' आणि 'पांढऱ्या पायाची' हे शब्द ऐकून घरांतल्या बायकांच्या काळजाचा ठोका चुकत असे. काळा अशुभ म्हणावा, तर तान्ह्या मुलाला दृष्ट लागूं नये म्हणून आई त्याच्या गालावर काजळाचीच तीट लावते. आणि एरवीं मंगलकार्यांत वर्ज्य असणारी काळी चंद्रकळा संक्रांतीच्या दिवशीं नव्या सुनेला कौतुकानें नेसवितात. रंग तोच; प्रसंग पालटतांच अर्थ पालटला.

नित्याच्या व्यवहारांतहि हेंच दिसतें. ठाण्यास खोपटच्या एस. टी. स्थानकांत उभी असलेली तांबडी गाडी घ्या. खिडकीच्या खडखडाटानें त्रासलेला उतारू तिला 'लाल डबा' म्हणतो. गणपतीला गांवीं जावयास निघालेला मनुष्य तिलाच 'लाल परी' म्हणतो. येथें तांबड्या रंगानें ना क्रोध उत्पन्न केला, ना भय. एकास त्यांत प्रवासाचा शीण दिसला, दुसऱ्यास घराचें दार दिसलें. तेथून फार दूर नसलेल्या डोंबिवलींत याच्या उलट प्रकार घडला. २०१४ च्या जानेवारींत तेथें हिरवट थेंबांचा पाऊस पडला, आणि २०२० च्या फेब्रुवारींत औद्योगिक वसाहतींतला एक रस्ता रसायनांमुळें गुलाबी झाला. तक्त्याप्रमाणें हिरवा समृद्धीचा आणि गुलाबी कोमल भावनांचा. पण ते आभाळांतून आणि रस्त्यावर उतरले तेव्हां लोक भ्याले, आणि त्यांनीं भ्यावें हेंच योग्य होतें. कमळाच्या पाकळीवर जो रंग डोळ्यांस निववितो, तोच अस्थानीं आला कीं विषाची सूचना देतो.

तथापि रंगाचा परिणाम म्हणजे केवळ मनाचे खेळ आहेत, असा आमच्या म्हणण्याचा विपर्यास कोणी करूं नये. डोळ्याचे कांहीं धर्म निश्चित आहेत. फ्रान्समधील शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ गोबलँ येथील विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यांत रंगविभागावर प्रमुख होता. काळा रंग पुरेसा गडद उतरत नाहीं, अशी तक्रार त्याच्याकडे आली. शोधाअंतीं त्यास दिसलें कीं दोष काळ्यांत नसून त्याच्या शेजारीं विणलेल्या रंगांत आहे. शेजारचा रंग बदलला कीं काळाहि बदललेला दिसतो. १८३९ सालीं त्यानें हा नियम ग्रंथरूपानें मांडला, आणि पुढें युरोपांतील चित्रकारांनीं त्याचा भरपूर उपयोग केला. सारांश, रंग कधीं एकटा बोलत नाहीं. तो शेजाऱ्यांच्या संगतींत बोलतो.

आमच्याकडे याचें सुंदर उदाहरण म्हणजे सांवतवाडीचे सुपुत्र सां. ल. हळदणकर यांचें, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत असलेलें दीपधारिणीचें जलरंगचित्र. ज्योतीवर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांतून जी आरक्त प्रभा फांकलेली दिसते, तिच्यांत रंगाची भडकता मुळींच नाहीं. भोंवतालचा अंधार चित्रकारानें संयमानें राखला म्हणून ती तांबूस छटा पेटल्यासारखी वाटते. तीच छटा उन्हांतल्या अंगणांत ठेवली असती, तर कोणाचें लक्षहि गेलें नसतें. तक्ता हातीं घेऊन हें चित्र पाहणारा तांबड्यांत क्रोध शोधीत बसेल, आणि त्याच्या समोरची घरगुती शांति त्यास दिसणार नाहीं.

आतां दोन भिंतींची तुलना करूं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. प्रत्येक रंगासाठीं वेगळा दगड वापरून छापलेलीं तीं चित्रें घरोघरीं लागलीं. सरस्वतीची शुभ्रता जुन्या स्तोत्रांतलीच. परंतु लक्ष्मी म्हटली कीं तांबडी साडी डोळ्यांपुढें यावी, हें बऱ्याच अंशीं या छापांचें काम होय. मूळ तैलचित्रांतील छायेची नाजुकता त्यांत हरपली, हें खरें. पण एका सबंध समाजाच्या मनांत देवतांचे रंग कायम करण्याचें सामर्थ्य त्यांत होतें.

दुसरी भिंत वारल्यांची. डहाणू, तलासरी हे तालुके २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यांतच होते; आतां ते पालघर जिल्ह्यांत आहेत. तेथें लग्नाच्या वेळीं गेरूनें सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात आणि त्यांत पालघट देवीची स्थापना होते. जो पांढरा रंग ब्राह्मणी घरांत कपाळाच्या संबंधानें अमंगल ठरला, तोच येथें सवाशिणीच्या हातून लग्नाचें मंगल उमटवितो! जिव्या सोमा म्हसे यांनीं विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत ही कला भिंतीवरून कागदावर आणली व विधीच्या बाहेर नेली. पण गेरू, शेण आणि पांढरा यांची सोबत त्यांनीं सोडली नाहीं. आज त्याच आकृति निळ्या उशीवर वा जांभळ्या पेल्यावर छापल्या जातात. नक्कल करणाऱ्यांस वाटतें, आकृति म्हणजेच कला. मातीचा रंग गेला कीं तिचें घर गेलें, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

येथवर प्रश्न आस्वादाचा झाला. परंतु रंगाचा अर्थ अटळ मानला कीं तो माणसांवरहि लादला जातो. नवरा वारला कीं स्त्रीचें कुंकू पुसावें, हिरव्या बांगड्या फोडाव्या, ही रीत याच अटळपणावर उभी राहिली. रंग जणुं पतीच्या मालकीचे होते! कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें २०२२ च्या मे महिन्यांत ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनेंहि तो कित्ता इतर गांवांपुढें ठेवला. संकेत माणसें करतात, म्हणून तो मोडण्याचा अधिकारहि माणसांचाच, हें त्या गांवानें दाखवून दिलें.

नवरात्रांतील नऊ रंगांची टूलाहि याच दृष्टीनें पाहावें. या शतकाच्या आरंभीं वृत्तपत्रांनीं ती लोकप्रिय केली. तिला पुराणाधार शोधणें व्यर्थ आहे, आणि विद्वान् तिची थट्टा करतात. साडीच्या खर्चाचा बोजा आहे, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ठाण्या-कल्याणकडून सकाळीं मुंबईस निघालेल्या लोकलच्या डब्यांत त्या दिवशींचा एक रंग पसरतो, तेव्हां ती सवाशीण आहे कीं नाहीं, हें तो रंग कोणास विचारीत नाहीं. पुष्कळ जुन्या चालींस हें औदार्य साधलें नाहीं.

राहतां राहिला कातडीचा रंग. सांवळ्या विठ्ठलापुढें डोळे मिटून उभे राहावयाचें आणि घरीं येऊन सुनेसाठीं 'गोरी' शोधावयाची, ही विसंगति आमच्या वाचकांच्या घरांतूनच नांदते. रंगाचा अर्थ प्रसंग, शेजार आणि संकेत यांनीं ठरतो, हें ज्यास चित्र पाहतांना कळलें, त्याला मुलगी पाहतांनाहि तें कळावें, येवढीच आमची अपेक्षा आहे.