त्रैक्य आणि ख्रिस्तसभा : मिरोस्लाव्ह व्होल्फ यांच्या प्रतिपादनाची चिकित्सा

पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत एकच परमेश्वर आहे, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत श्रद्धा होय. या श्रद्धेवरून ख्रिस्तसभेची रचना ठरविण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेषत्वाने झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'लुमेन जेन्शियम' (१९६४) या दस्तऐवजाने ख्रिस्तसभेच्या ऐक्याचे मूळ त्रैक्यात दाखविले. व्होल्फ यांचा 'आफ्टर अवर लाइकनेस' (१९९८) हा ग्रंथ याच विचारधारेतील असला, तरी कॅथलिक जोसेफ रात्झिंगर आणि ऑर्थोडॉक्स जॉन झिझिऔलस या दोघांशीही तो वाद घालतो.

झिझिऔलस यांच्या मते पुत्र व आत्मा यांचे अस्तित्व पित्यापासून आहे. पिता हाच त्यांचे कारण. त्याच न्यायाने ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेत बिशप हा 'एक' आणि जमलेला समुदाय हा 'अनेक' ठरतो, व बिशपाविना ख्रिस्तसभा संभवत नाही. रात्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) वैश्विक ख्रिस्तसभेला स्थानिक सभेपूर्वीचे स्थान देतात. तीन व्यक्तींपेक्षा त्यांच्यातील एकत्वाला प्राधान्य दिल्याचा हा परिणाम आहे, असे व्होल्फ यांचे निदान आहे. स्वतः व्होल्फ तिन्ही व्यक्तींची समानता व परस्परनिवास यांवर भर देतात. त्यामुळे दोघे-तिघे ख्रिस्ताच्या नावाने एकत्र येतात तेथे पूर्ण ख्रिस्तसभा आहे, असे ते मानतात. (मराठीत कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात, तर प्रोटेस्टंट 'मंडळी'. व्होल्फ यांच्या अनुवादकाला दुसराच शब्द अधिक सोयीचा वाटेल.)

प्रतिपक्षाचे म्हणणे संयमाने व सविस्तर मांडणे, हा या ग्रंथाचा मोठा गुण आहे. परंतु तीच मांडणी वाचकाच्या मनात शंका उत्पन्न करते. श्रद्धा एकच असता बिशपप्रधान, पोपप्रधान आणि समतावादी असे तीन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात. आणि प्रत्येक विचारवंताला परमेश्वरात आपल्याच परंपरेची ख्रिस्तसभा दिसते. मग श्रद्धेने ख्रिस्तसभा घडविली, की ख्रिस्तसभेने श्रद्धेचा अर्थ घडविला? कॅरेन किल्बी यांनी २००० साली लिहिलेल्या निबंधात अशाच प्रक्षेपणाचा आक्षेप त्रैक्याच्या सामाजिक मांडणीवर घेतला आहे. मनुष्य हा निर्मित व पापाधीन असल्याने हे साम्य मर्यादितच राहते, असे व्होल्फही मान्य करतात. तथापि त्या मर्यादेत कोणते साम्य ग्राह्य व कोणते अग्राह्य, याचा निर्णायक निकष त्यांच्याकडून मिळत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. निर्णयप्रक्रियेत वाटा मागणाऱ्या सामान्य श्रद्धावंताने त्रैक्यातील समानतेचा दाखला दिला, तर अधिकाराचे समर्थन करणारा बिशपही त्याच त्रैक्यातील पित्याच्या अग्रस्थानाकडे बोट दाखवू शकतो. व्होल्फ यांचा अधिक भक्कम युक्तिवाद वस्तुतः अन्यत्र आहे. आत्म्याची कृपादाने सर्वांना वाटून दिलेली आहेत, हे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील (अध्याय १२) प्रतिपादन सर्व सभासदांच्या सहभागाला थेट आधार देते. ग्रंथात या प्रतिपादनाचा विचार आहे. मात्र त्रैक्याच्या प्रतिमेला मिळालेल्या प्राधान्यामुळे ते दुय्यम राहिले आहे.