'रात्रीस खेळ चाले' : कौटुंबिक थरारमालिकेतील आसक्तीचे चित्रण

'झी मराठी'वरील 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील नाईकांच्या वाड्यात अण्णांच्या मृत्यूने सुरू झाली. २०१९ मधील दुसऱ्या पर्वाने त्याआधीचा काळ दाखविला. अण्णांचा शेवट प्रेक्षकांस आधीच ज्ञात असल्याने पाटणकरांची पत्नी शेवंता हिच्याविषयीची त्यांची आसक्ती घर कसे पोखरते, हेच या पर्वाचे रहस्य ठरते. त्यामुळे थराराची खरी जागा माईंचे माजघर आहे. माधव अभ्यंकर यांच्या अण्णांच्या दरडावण्यापेक्षा शकुंतला नरे यांच्या माईंचे कुढणे अधिक भयावह वाटते. मालवणी बोलीने या भयाला घरगुतीपणा दिला. (काही वेळा ती क्रौर्यालाही विनोदी करून टाकते, याचे भान मात्र सुटलेले दिसते.) तथापि अपूर्वा नेमळेकर यांच्या शेवंतेच्या रूपापाशी कॅमेरा इतका रेंगाळतो की अण्णांचा अपराध हळूहळू तिच्या मोहिनीच्या खात्यावर जमा होतो. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात तर दोघेही भूत होऊन परततात. आसक्तीला भुताटकीचे निमित्त मिळते. जिवंत अण्णांनी माईंवर केलेल्या अन्यायाचा जाब विचारण्याचे काम तेथे मागे पडते.