भाजे येथील नृत्यशिल्प व जावामधील पुरावा

मावळातील भाजे येथील लेण्यांत, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेली नृत्यवादनाची काही दृश्ये आहेत. त्यांपैकी एका दृश्यात एक स्त्री चर्मवाद्य वाजवीत असून दुसरी नृत्य करीत आहे. हे वाद्य तबलाच होय, आणि म्हणून तबल्याची परंपरा या भूमीत २,००० वर्षांची आहे, असे विधान लोणावळा-मळवली परिसराच्या प्रवासवर्णनपर लेखनात वारंवार आढळते.

या विधानात दोन अनुमाने एकत्र आली आहेत. पहिले वाद्याच्या ओळखीचे. नाट्यशास्त्रात आंकिक, ऊर्ध्वक व आलिंग्य अशा त्रिविध पुष्करवाद्याचे वर्णन आहे. प्राचीन शिल्पांतील उभ्या चर्मवाद्यांचा संबंध त्याच्याशी जोडणे अधिक युक्त ठरते. तबल्याचा निश्चित पुरावा अठराव्या शतकापासूनचा आहे. दुसरे अनुमान अधिक विचारार्ह आहे: जे शिल्पात दिसते ते त्या प्रदेशातील लोकांचे रंजन होते, असे ते गृहीत धरते.

या गृहीताची परीक्षा जावामध्ये करता येते. बोरोबुदूर स्तूपावर (इ. स. ८०० च्या सुमारास) १,४६० कथाशिल्पे असून त्यांत वीणा, बासरी, झांज, मृदंग यांचे वादक विपुल आहेत. यांतील धनुष्याकृती वीणा पुढे जावाच्या संगीतातून लुप्त झाली. उलट, ज्या गामेलान वाद्यवृंदाने जावाची आज जगभर ओळख पटते, त्याची कांस्यपट्ट्या व गाँग यांची भरगच्च मांडणी तेथे दिसत नाही. याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने हिंदू-जावा काळातील वाद्यांचा अभ्यास करताना त्यांतील भारतीय वळणाच्या वाद्यांचा स्वतंत्र विचार केला होता. ललितविस्तरासारख्या ग्रंथांच्या आधारे कोरणाऱ्या शिल्पकाराने कथेबरोबर तिचे संकेतही स्वीकारले असावेत, ही शक्यता म्हणून दुर्लक्षिता येत नाही.

पूर्व जावातील पनातरन येथे मात्र चित्र पालटते. तेथील चौदाव्या शतकातील रामायणशिल्पांत मानवाकृती वायांग या छायानाट्यातील चामडी बाहुल्यांप्रमाणे चपट्या व पार्श्वदर्शी झाल्या आहेत. स्थानिक रंजन येथे केवळ विषय म्हणून आलेले नाही. त्याने आकृतीची घडणच बदलली आहे. स्थानिकत्वाचा हा पुरावा वाद्यांच्या यादीपेक्षा बलवत्तर होय.

या कसोटीवर भाज्याचे दृश्य पारखले पाहिजे. तेथील विहारातील ज्या प्रसिद्ध शिल्पपटांना सूर्य व इंद्र म्हटले जाते, त्यांचा अर्थ ई. एच. जॉन्स्टन यांनी मांधाता राजाच्या कथेवरून लावला. गजारूढ आकृतीच्या पटातील वीणावादन व नृत्य त्या अर्थाने उत्तरकुरु या कल्पित भूमीतील ठरते. हा अर्थ मान्य असो वा नसो, त्या नर्तिकेला मावळची रहिवासी मानण्यापूर्वी त्याचे उत्तर देणे अवश्य आहे.

यात भाज्याच्या शिल्पाचे मोल कमी होत नाही. प्राचीन कलावंताने रंजन कसे कल्पिले, याचा तो उत्तम साक्षीदार आहे. परंतु मावळच्या सामान्य जनांचे रंजन शोधावयाचे तर पुणे जिल्ह्याच्या पश्चिम डोंगराळ भागातून गी पॉइटव्हिन व हेमा राईरकर यांनी संगृहीत केलेल्या जात्यावरील ओव्यांकडे वळावे लागेल. तो ठेवा पाषाणात नसून कंठात राहिला, आणि म्हणूनच दगडी पुराव्याच्या अभिमानात तो उपेक्षिला जाण्याचा धोका अधिक आहे.