धम्मपदातील उसुकार : एका उपमेचे परीक्षण

धम्मपदाच्या चित्तवग्गातील ३३ व्या गाथेत चंचल चित्ताला वळण लावणाऱ्या मेधावी पुरुषास उसुकाराची, म्हणजे बाण घडविणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. 'मनावर ताबा मिळवावा' एवढाच तिचा अर्थ घेतल्यास उपमेचे मर्म हाती लागत नाही. येथील मूळ शब्द 'तेजन' हा आहे. त्याने सज्ज बाण नव्हे, तर अद्याप घडणीत असलेली बाणाची काडी अभिप्रेत आहे.

अट्ठकथेने ही घडण नेमकी सांगितली आहे. कारागीर रानातून काठी आणतो, साल सोलतो, कांजी व तेल चोळतो, निखाऱ्यांवर शेकतो आणि लाकडाच्या बेचक्यात दाबून तिचा बाक काढतो. चूळमालुंक्य सुत्तात क्षुरप्र, नाराच, वत्सदंत, करवीरपत्र अशी निरनिराळी पाती आली आहेत. पाते जितके रुंद, तितका त्यावर वाऱ्याचा जोर अधिक. काडीत बाक राहिला किंवा पाते तिच्या रेषेत बसले नाही, तर तेच पाते बाणाला भलतीकडे नेते. सरळपणा हा शोभेचा नव्हे, कार्याचा गुण आहे.

मज्झिम निकायातील १०१ व्या देवदह सुत्तात या उपमेचे खरे सामर्थ्य प्रकटते. तेथे निगंठांच्या कष्टतपाचे परीक्षण चालले आहे. उसुकार दोन कोलितांमध्ये काडी तापवितो. ती सरळ व कामाजोगी झाली की तापविणे थांबवितो. कष्ट हे साधन आहे, साध्य नव्हे. काडी जाळणाऱ्यास कोणी कुशल कारागीर म्हणणार नाही.

याउलट महाजनक जातकात एक डोळा मिटून काडी निरखणारा उसुकार राजाला एकांताचा बोध करतो. प्रसंग चित्रमय खरा. परंतु तेथे अग्नीचे प्रमाण मागे पडते, केवळ नजर उरते. विचाराच्या दृष्टीने देवदह सुत्तातील योजना निःसंशय सरस आहे.

शस्त्रांचा व्यापार उपासकांस वर्ज्य सांगणाऱ्या तथागतांनी बाणकाराचे उदाहरण का घ्यावे, असा प्रश्न येथे उद्भवतो. उपमेत शस्त्राचा गौरव नाही, कौशल्याचा आहे. ८० व्या गाथेत तर पाट वळविणारे, बाणकार आणि सुतार एका ओळीत येतात व पंडिताचा आदर्श ठरतात. ज्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्यास ज्ञानाबाहेर ठेवले, तिला दिलेले हे शांत पण ठाम उत्तर आहे. ही गाथा समजावून सांगताना त्या कारागिराचे हात वगळले, तर तिचा अर्धा अर्थच आपण गमावू.