ज्याचे त्याला परत देणारा उपचार

‘जिमी पी.’ या चित्रपटात दोन पुरुष जवळजवळ दोन तास बोलत बसतात, आणि तरी पडद्यावरून नजर हलत नाही. फ्रेंच दिग्दर्शक आर्नो देप्लेशाँ यांचा हा इंग्रजी चित्रपट २०१३ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. जिमी पिकार्ड हा मोंटानातल्या ब्लॅकफूट जमातीचा माजी सैनिक. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. तेव्हापासून डोके असह्य ठणकते, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी येते, ऐकू येईनासे होते. १९४८ साली बहीण त्याला कॅन्ससमधल्या टोपीकाच्या इस्पितळात घेऊन येते. डॉक्टर सगळे तपासतात. एवढा त्रास व्हावा असे शरीरात काही सापडत नाही. मग संशय स्किझोफ्रेनियावर जातो. तरी प्रमुख कार्ल मेनिंजर शिक्का मारण्याआधी थबकतात. हा माणूस खरोखर भ्रमिष्ट आहे, की आदिवासी माणूस आपल्याला कळत नाही? हे ठरवायला ते न्यूयॉर्कहून एका मानववंशशास्त्रज्ञाला बोलावतात. तो जॉर्ज देव्हरो.

माझ्या मते चित्रपटाचा प्राण या दोघांच्या पहिल्या काही भेटींत आहे. तोवर जिमीसमोर आलेल्या प्रत्येकाने त्याला कुठे दुखते, कधीपासून दुखते हेच विचारलेले असते. देव्हरो मात्र त्याच्या माणसांबद्दल, जमातीबद्दल, तिथल्या रीतींबद्दल विचारू लागतो. मात्यू आमालरिकने हे कुतूहल सबंध अंगात खेळवले आहे. तो पुढे झुकतो, हरखतो, हातातली पेन्सिल थांबत नाही. समोर बेनिसिओ देल तोरो आपले भले थोरले शरीर सांभाळत बसलेला. प्रत्येक शब्द उच्चारण्याआधी तो क्षणभर थांबतो, जणू या माणसाला किती सांगायचे याचा अंदाज घेतोय. भेटी वाढतात तसा हा थांबा आखूड होत जातो. जिमीचा देव्हरोवर विश्वास बसला हे कोणी बोलून दाखवत नाही, आपल्याला ते त्या थांब्यावरून कळते. बरे होण्याचा असा अभिनय मी क्वचितच पाहिला आहे.

दोघांचेही इंग्रजी परके आहे. ज्यांची जमीन गेली त्यांच्यात जिमी वाढला, आणि देव्हरोचा तर देशच हातून निसटलेला. खऱ्या देव्हरोंचा जन्म १९०८ मध्ये लुगोश या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होते, पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात गेले. मूळ आडनाव डोबो. तरुणपणी ते पॅरिसला आले. तिथे आधी भौतिकशास्त्राकडे आणि मग मार्सेल मोस यांच्यासारख्या गुरूंमुळे मानववंशशास्त्राकडे वळले. १९३३ च्या सुमारास बाप्तिस्मा घेऊन त्यांनी हे फ्रेंच नाव धारण केले. पुढे अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठच्या मोहावी लोकांमध्ये राहिले, नंतर इंडोचायनातल्या सेडांग लोकांमध्ये. मोहावींकडून आपण स्वप्नांचे महत्त्व शिकलो, असे ते मानत. मनोविश्लेषणाच्या वर्तुळात मात्र बराच काळ त्यांची जागा उंबरठ्यावरच होती. टोपीकाचे बोलावणे आले तेव्हा नाव, धर्म, देश आणि व्यवसाय असे सगळेच बदलून झालेला हा माणूस होता. देप्लेशाँ हा सारा इतिहास निवेदनातून ओतत नाहीत, हे मला फार आवडले. जिमीला बोलते करणारा हा माणूस स्वतःबद्दल किती कमी बोलतो, एवढे ते दाखवतात. पुढचे आपण ओळखायचे.

उपचाराची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. मैदानी जमातींत स्वप्नाला मोठा मान असतो. वाट दाखवणारा रक्षक आत्मा स्वप्नातून भेटतो अशी श्रद्धा असते. फ्रॉइडच्या शिष्याने याला लक्षण मानून मोकळे होणे सहज शक्य होते. देव्हरोंनी ही श्रद्धाच हाताशी धरली. स्वप्न मागे काय घडले ते सांगते, तसे पुढे काय करायचे तेही सुचवते, हा जमातीचा विचार त्यांनी उपचारात मुरवून घेतला, आणि जिमीने आपल्याकडे काहीसे त्या रक्षकासारखे पाहिले तर पाहू दिले. उद्दिष्ट ठरलेले होते: जिमीला गोऱ्या समाजाच्या साच्यात बसवायचे नाही, त्याला आपल्या माणसांत ताठ मानेने जगता आले पाहिजे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतल्या आदिवासींना मतदानाचा हक्क न्यायालयातून मिळाला तेही १९४८ सालच. हे लक्षात घेतले म्हणजे या उद्दिष्टातले धाडस कळते.

चित्रपट सगळाच एका उंचीवर राहत नाही. देव्हरोची मैत्रीण मादलिन येते तेव्हा लय सैल पडते. जीना मॅकीने ती गोड उभी केली असली तरी मन जिमीच्या खोलीतच अडकून राहते. बालपणीच्या प्रत्येक आठवणीला अर्थ लावण्याची फ्रॉइडी घाई आज थोडी जुनीही वाटते. पण शेवटाकडे जिमी आपल्या मुलीची जबाबदारी घ्यायचे ठरवतो, ते कुठल्याही चमत्काराशिवाय. कोणी ओक्साबोक्शी रडत नाही, गुपित फुटल्याबरोबर डोकेदुखी पळत नाही. इतका संयम मला थोर वाटतो.

ही सारी संभाषणे देव्हरोंनी टिपून ठेवली होती. १९५१ मध्ये ‘रिॲलिटी अँड ड्रीम’ या नावाने ती भेटीमागून भेट अशी छापली गेली. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून पुस्तकात जमातीला ‘वुल्फ’ असे खोटे नाव दिले आहे. चित्रपटाने तिला ब्लॅकफूट हे नाव परत दिले. देव्हरो १९६३ मध्ये पॅरिसला परतले आणि शिकवू लागले. कैरोत जन्मून लहानपणीच देशोधडीला लागलेले तोबी नातान हे त्यांचे शिष्य. नातान यांनी पॅरिसजवळच्या बोबिनीच्या इस्पितळात स्थलांतरितांसाठी उपचार सुरू केले. तिथे रुग्ण कुटुंबासह गोलात बसतो, सोबत त्याच्या भाषेचा दुभाषी असतो आणि निरनिराळ्या देशांतून आलेले अनेक उपचारक असतात. हे काम पुढे नेणाऱ्या मारी रोझ मोरो यांचाही जन्म स्पेनमधला. देव्हरो १९८५ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा ॲरिझोनातल्या पार्कर इथे, मोहावींच्या दफनभूमीत नेण्यात आली.

समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘जिमी पी.’ पाहावा, आणि मग मूळ पुस्तक हाती घ्यावे. चित्रपटात जे संवाद सहज वाटतात, त्यांच्यामागे किती चिकाटीने ऐकणे होते ते पुस्तकाच्या पानापानावर दिसते.